अंदाजपत्रक वाचणारा सभासद

दरवर्षी फाल्गुनाच्या आगेमागे मुंबईस विधिमंडळाचे अंदाजपत्रकी अधिवेशन भरते आणि अर्थमंत्र्यांचे भाषण झाले, की राज्याच्या जमाखर्चाच्या जाडजूड पुस्तकांचे गठ्ठे सभासदांच्या हाती पडतात. त्यांपैकी किती गठ्ठ्यांची गाठ सुटते हा प्रश्न विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. भाषणावर चर्चा होते. ती बहुधा भाषणावरच होते, आकड्यांवर क्वचित. पुढे खातेवार मागण्या येतात, ठरलेली मुदत संपते आणि अनेक खात्यांच्या कोट्यवधींच्या रकमा एका दमात, चर्चेवाचून मंजूर होतात. काही महिन्यांनी पुरवणी मागण्या येतात, त्यांचीही तीच गत होते. लोकांच्या पैशाचा हिशेब मागावयाचा तो कोणी आणि कसा, हे विसरले जाऊ लागले म्हणजे ज्यांनी तो मागून दाखविला त्यांची आठवण करावी लागते. म्हणून आज आम्ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रातील एका अंगाविषयी लिहिणार आहो. राज्यघटनेचे शिल्पकार आणि दलितांचे उद्धारकर्ते म्हणून त्यांचे स्मरण घरोघर होते, व ते योग्यच आहे. परंतु मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात बसून सरकारच्या खर्चाची पै न् पै पारखणारे बाबासाहेब मात्र जयंतीच्या मिरवणुकीत दिसत नाहीत.

त्यांस कौन्सिलात प्रवेश मिळाला तो १९२६ सालच्या अखेरीस, तोही निवडणुकीने नव्हे. अस्पृश्य वर्गाला मतपेटीतून प्रतिनिधी पाठविण्याची वाट त्या काळी नव्हती. गव्हर्नर नेमील तोच त्यांचा प्रतिनिधी. सरकारनियुक्त सभासद म्हणजे सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारा, असा साधारण समज होता आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी शपथ घेतली आणि २४ तारखेस अंदाजपत्रकावर ते बोलावयास उभे राहिले. ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या करपद्धतीवर त्यांनी पहिल्याच भाषणात हत्यार धरले.

त्यांचा मुद्दा साधा होता आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. शेतसारा हा कर आहे की खंड, या शब्दांच्या वादात सरकारी अधिकारी पिढ्यान् पिढ्या रमले होते. आंबेडकरांनी तो वाद बाजूस सारला. व्यापाऱ्याच्या नफ्यावर जसा प्राप्तिकर, तसाच शेतकऱ्याच्या उत्पन्नावर शेतसारा. मग दोहोंच्या वसुलीची रीत निराळी का? व्यापाऱ्यास ज्या वर्षी मिळकत झाली नाही त्या वर्षी त्याला कर नाही. शेतकऱ्याचे पीक बुडो की भरघोस येवो, सारा सुटत नाही. प्राप्तिकराची आकारणी ऐपत पाहून होते. साऱ्याचा दर मात्र एका एकराच्या धन्याला आणि जहागीरदाराला सारखाच. गरिबावर अधिक भार आणि श्रीमंतावर कमी, अशी ही रचना कोणत्या न्यायात बसते, असे त्यांनी सभागृहास विचारले. त्या सभागृहात जमीनदार, इनामदार व व्यापारी थोडे नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाची धार कळते.

हा अधिकार त्यांस एका दिवसात आला नव्हता. १८९१ च्या एप्रिलच्या १४ तारखेस महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी जन्म, साताऱ्यास शाळा, मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूल व कॉलेज, आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. हा क्रम आमच्या वाचकांस ठाऊक आहे; वर्गाबाहेर गोणपाटावर बसविलेल्या मुलाची कथाही ठाऊक आहे. तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. सांगावयाचे ते एवढेच, की हा मुलगा परदेशी गेला तो अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी, आणि अर्थशास्त्रातही त्याने निवडला तो सरकारी जमाखर्चाचा विषय. १९१५ साली एम्. ए. साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार यांवर प्रबंध लिहिला. पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावर लिहून डी. एस्सी. मिळविली. आणि १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो सयाजीरावांस अर्पण केला आहे आणि त्याला त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. अंदाजपत्रकाच्या दिवसांत कौन्सिलांतील सभासद हा ग्रंथ चाळीत, असे चरित्रकार सांगतात. आजच्या सभासदांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल, याचा तर्क आम्ही करीत नाही.

त्या ग्रंथातील विषय आजही जुना झालेला नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १८३३ च्या सनदेने सर्व प्रांतांची तिजोरी एक झाली. कलकत्त्याच्या मंजुरीवाचून मुंबई सरकारला नवा खर्च घालण्याची मुभा राहिली नाही. खर्च करणारा एक आणि पैसा जमविणारा दुसरा, अशी फारकत झाल्याने काटकसरीची फिकीर कोणालाच उरली नाही. जो प्रांत अधिक ओरडेल त्याच्या पदरात अधिक पडे. या घोटाळ्यातून वाट काढण्यासाठी लॉर्ड मेयोने १८७० च्या डिसेंबरात ठराव काढून तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपविली. १८७७ साली रकमेऐवजी काही उत्पन्नाच्या बाबी दिल्या. १८८२ पासून काही बाबींचे उत्पन्न वाटून घेण्याचे पंचवार्षिक करार सुरू झाले. १९०४ साली ते जवळजवळ कायम आणि १९१२ साली कायम झाले. वरवर पाहता प्रांत पायरीपायरीने स्वतंत्र होत होते. आंबेडकरांनी कागदपत्रे उलगडून दाखविले, की हे स्वातंत्र्य नावाचे होते. प्रांत हे वरिष्ठ सरकारचे मुनीम होते. कर बसविण्याचा, कर्ज काढण्याचा, नव्या जागा निर्माण करण्याचा खरा अधिकार वरच होता. आणि याहून महत्त्वाचे असे, की अधिकार वरून खाली आला तरी तो एका नोकरशाहीकडून दुसऱ्या नोकरशाहीकडे आला. तो कर भरणाऱ्या माणसापर्यंत पोचलाच नाही.

१९१९ च्या सुधारणांनी तो पोचेल असे सांगण्यात आले. प्रांताची खाती दोन भागांत वाटली. पोलीस, न्याय, जमीनमहसूल आणि अर्थ ही राखीव. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, अबकारी ही सोपीव. राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे, सोपीव खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे. शाळा आणि दवाखाने काढण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांच्या हाती तिजोरीची किल्ली मात्र नव्हती. त्यातच मेस्टन समितीच्या निवाड्याप्रमाणे आठ प्रांतांनी वरिष्ठ सरकारला वर्षाला ९८३ लाख रुपये द्यावयाचे ठरले. मुंबईच्या वाट्याला त्यातले ५६ लाखच आले खरे. पण प्राप्तिकर दिल्लीकडे गेला आणि व्यापारउदिमाच्या या इलाख्याची उत्पन्नाची मोठी बाब हातची गेली. एकाच गाडीला दोन सारथी आणि दाणावैरण तिसऱ्याच्या हाती, असा हा द्विदल राज्यकारभार. त्यात एकत्रित जबाबदारी नाही म्हणून तो चालणार नाही, हे आंबेडकरांनी त्या ग्रंथातच लिहून ठेविले होते.

अशा कौन्सिलात १९२७ च्या १२ मार्चला शिक्षणखात्याच्या मागणीवर त्यांचे जे भाषण झाले, ते आमच्या मते विधिमंडळाच्या प्रत्येक नव्या सभासदाने शपथ घेण्यापूर्वी वाचावे. त्यात अलंकार नाहीत, आकडे आहेत. मुंबई सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीपोटी माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै घेते. (रुपयाचे आणे सोळा, हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) लोकांकडून दारूवाटे जेवढे घेता, निदान तेवढे तरी शिक्षणावाटे परत करा, एवढीच त्यांची मागणी होती. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती सोपीव होती, म्हणजे मंत्र्यांच्याच अखत्यारीतली होती. तिजोरी रिकामी आहे हे उत्तर तेथे पुरे पडत नव्हते.

दुसरा आकडा त्याहून बोचक होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अठराच पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात. म्हणजे त्यांच्यावर झालेला खर्च पाण्यात. आम्ही वृत्तपत्राच्या धंद्यात येण्यापूर्वी काही वर्षे शिक्षकाचे काम केले आहे. पहिलीच्या हजेरीपटावर जी नावे आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहीत असू, त्यांतील काही चौथीच्या पटावर सापडत नसत. कोणाच्या घरी गुरे राखावयास माणूस नसे, कोणाची आई ऊसतोडीला गेलेली असे. अहवालात मात्र पटसंख्या वाढल्याचे समाधान असे. त्या अनुभवामुळे आम्हांस वाटते, की शाळा किती व विद्यार्थी किती एवढ्यावर न थांबता शेवटास किती गेले, हे विचारणे हीच खऱ्या तपासणीची सुरुवात होय. आंबेडकरांनी हेच केले. शिक्षणाची गती अशीच राहिली तर शिक्षणयोग्य वयाची सारी मुले शाळेत यावयास चाळीस वर्षे लागतील आणि मुलींना तीनशे, असा हिशेबही त्यांनी सभागृहापुढे मांडला.

पुढे त्यांनी फीकडे बोट दाखविले. कॉलेजांच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा भाग फीतून निघत होता. शिक्षण हे देवघेवीचे खाते नव्हे, हे त्यांनी बजावले. आणि मग इलाख्यातील लोकसंख्येचे चार वर्ग घेऊन क्रम लावून दाखविला. संख्येने चौथे असलेले पुढारलेले हिंदू शिक्षणात पहिले. संख्येने तिसरे असलेले मुसलमान शिक्षणात दुसरे. संख्येने पहिले असलेले मधले वर्ग शिक्षणात तिसरे. आणि संख्येने दुसरे असलेले मागासलेले वर्ग शिक्षणात शेवटी. सरासरीच्या पडद्याआड काय झाकले जाते, ते दाखविण्यास याहून सोपा तक्ता आम्ही पाहिलेला नाही. तक्ता मांडून ते थांबले नाहीत. शिष्यवृत्त्यांची रक्कम विखरून टाकण्याऐवजी ती वसतिगृहांवर खर्च करावी, कारण शिष्यवृत्तीचे पैसे गरीब घरच्या चुलीत जातात आणि मुलाच्या अभ्यासाला जागा मिळत नाही ती नाहीच, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारकडे अधिक पैसा मागणारे पुष्कळ असतात. दिला जाणारा पैसा वाया जात आहे, तो असा वळवा, हे सांगणारे थोडे.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी मागितली आणि ती ऐकून सुधारकांचे कान टवकारले असतील. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे सोपविण्याचे चालले होते. ते थांबवा, असे ते म्हणाले. सत्ता खाली द्यावी, गावाकडे द्यावी, हा मंत्र तेव्हाही प्रतिष्ठित होता. पण खाली म्हणजे कोणाच्या हाती? ज्या बोर्डात अस्पृश्यांचा एक माणूस नाही, ज्या गावात त्यांचे मूल शाळेच्या ओट्यावर बसविले जाते, त्या बोर्डाच्या आणि त्या गावाच्या हाती त्या मुलाचे शिक्षण द्यावयाचे काय? पंचायत राज्याचा आम्ही स्वतः पुरस्कार करीत आलो आहोत. तरी हा प्रश्न टाळून तो पुरस्कार करता येत नाही, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, तेच गृहस्थ महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होते. या दोन घटनांचा संबंध सहसा कोणी जोडीत नाही. वस्तुतः महाडचा सत्याग्रहही कौन्सिलाच्या एका ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच होता. सरकारी पैशाने बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे कागदोपत्री जाहीरही केले होते. कागदाचे पाणी होईना, तेव्हा १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका व बोर्डे हे पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. ठरावाला पैशाची दोरी बांधल्याखेरीज तो चालत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते. अंमलबजावणी कोठे अडली हे कौन्सिलात विचारून भागेना, तेव्हा ती आंबेडकरांनी तळ्यावर जाऊन विचारली.

१९२८ साली त्यांनी महार वतनाचे बिल आणले. गावोगावचा महार रात्रंदिवस सरकारचे काम करी. सारा वसुलीला हाकारा घाली, टपाल नेई, अंमलदाराच्या दिमतीस राही. त्याचा मोबदला मात्र सरकारी तिजोरीतून नाममात्र निघे. बाकीचे त्याने गावकऱ्यांच्या दारी बलुते मागून मिळवावयाचे. ज्याची चाकरी घेता त्याचे वेतन अंदाजपत्रकात का दिसत नाही, हा त्या बिलामागचा प्रश्न होता. बलुत्याऐवजी रोख कर बसवून तो साऱ्याबरोबर वसूल करावा व वेतन द्यावे, असा मार्ग त्यांनी सुचविला. निवड समितीत बिलाची अशी काटछाट झाली, की १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. त्याच काळात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची रजा पगारी मिळावी या बिलाचे त्यांनी समर्थन केले आणि त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे असे सांगितले. सायमन कमिशनशी सहकार्य करणाऱ्या प्रांतिक समितीवर ते होते; तिच्या बहुमताशी न पटल्याने १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी निराळा अहवाल लिहिला आणि प्रांतांत राखीव-सोपीव हा भेदच नको, सारे मंत्रिमंडळ विधिमंडळास जबाबदार हवे, असे मांडले.

गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा या मधल्या वर्षांतील गोष्टी आज सोडून देतो. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली, स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन ते निवडून आले आणि बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळासमोर विरोधी बाकांवर बसले. आता समोर गोरे अंमलदार नव्हते; लोकप्रिय, तुरुंगवास भोगलेले मंत्री होते. त्यांना प्रश्न विचारणे हे परक्या सरकारला विचारण्याहून कठीण असते, कारण विचारणाराच देशद्रोही ठरण्याची भीती असते. आंबेडकरांनी ती बाळगली नाही. मंत्र्यांनी पाचशे रुपयेच पगार घ्यावयाचे ठरविले तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांनी मात्र पगाराचा विचार पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता यांच्या कसोट्यांवर व्हावा असा आग्रह धरला. या बाबतीत आमचे मन त्यांच्याशी पूर्ण जुळत नाही, परंतु त्याग हा अर्थसंकल्पीय युक्तिवाद नव्हे हे त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात आणले. १९३८ व १९३९ च्या अंदाजपत्रकांवर बोलताना त्यांचा सारा रोख दारूबंदीवर होता. अबकारीचे उत्पन्न सोडावयाचे आणि ती तूट भरण्यासाठी शहरांतील स्थावर मिळकतींवर नवा कर बसवावयाचा, हा सरकारचा बेत. बारा वर्षांपूर्वी अबकारीइतका पैसा शिक्षणाला द्या म्हणणाऱ्या माणसाने आता विचारले, की नवा कर बसविण्याची धमक आहे तर त्याचा पैसा शाळा आणि दवाखाने यांकडे आधी का जात नाही? दारूबंदीचे भक्त रागावले. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो वाद तेथेच राहिला.

पुढे घटना समितीत मसुद्याची सूत्रे हाती आली तेव्हा हा सारा अनुभव कलमांत उतरला. विधानसभेच्या मंजुरीवाचून राज्याच्या तिजोरीतून पैसा काढता येऊ नये, केंद्र आणि राज्ये यांतील वाटणी दर पाच वर्षांनी वित्त आयोगाने पाहावी, हे नियम आज आपणांस स्वाभाविक वाटतात. १८८२ च्या पंचवार्षिक करारांचा इतिहास ज्याने लिहिला होता, त्याला त्यांची किंमत ठाऊक होती. १९४९ च्या मे महिन्यात महालेखापरीक्षकाच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा हा अधिकारी न्यायाधीशांहूनही महत्त्वाचा आहे, असे त्यांनी घटना समितीस सांगितले आणि त्याला पुरेसे स्वातंत्र्य मिळाले नाही अशी खंतही बोलून दाखविली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

राज्याच्या हिशेबांवरील महालेखापरीक्षकाचे अहवाल राज्यपालांनी विधिमंडळापुढे ठेववावेत, असे घटनेचे १५१ वे कलम सांगते. ते ठेवले जातात. बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सभासदांच्या गाड्या दाराशी लागलेल्या असताना.